देवणी गाईचा माज : ओळख, नोंद आणि निगा

लातूर जिल्ह्यात कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या देवणी या गावाने एका नामांकित गोवंशास आपले नाव दिले आहे. लातूर, नांदेड, परभणी व धाराशिव या जिल्ह्यांत, तसेच शेजारच्या बीदर जिल्ह्यात हा गोवंश आढळतो. स्थानिक जनावरे, गीर आणि डांगी यांच्या संकरातून तो घडला, असे मानले जाते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवेरा, पांढराशुभ्र बालंक्या व तोंडावर काळी छटा असलेला वानेरा असे त्याचे तीन प्रकार आहेत. बैल शेतकामाला कणखर आणि गाय दुधाला बरी, हे दोन्ही गुण एकाच वंशात असल्याने कोरडवाहू शेतकऱ्यास तो सोयीचा ठरला. तथापि, गाय वेळेवर गाभण राहिली आणि तीही देवणी वळूपासूनच राहिली, तरच हे गुण पुढील पिढीत उतरतात. या दोन्ही गोष्टींची सुरुवात माज ओळखण्यापासून होते.

माजाचे चक्र

वयात आलेली व गाभण नसलेली निरोगी गाय साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते. हे अंतर १८ ते २४ दिवसांपर्यंत कमीअधिक असू शकते. माज मात्र जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. गाय हंबरते, अस्वस्थ होते, चारा कमी खाते, वारंवार लघवी करते व दूध आखडते. योनीद्वार सुजून लालसर होते आणि काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबतो. दुसरे जनावर अंगावर चढले असता ती शांत उभी राहते. हे माजाचे सर्वांत खात्रीचे लक्षण होय. दावणीला सतत बांधलेल्या गाईत ते दिसू शकत नाही. उन्हाळ्यात व निकृष्ट चाऱ्यावरील गाईत लक्षणे मंद असतात. त्यास मुका माज म्हणतात. म्हणून पहाटे व रात्री झोपण्यापूर्वी गाईकडे लक्षपूर्वक पाहणे अगत्याचे आहे.

रेतनाची वेळ

माज संपल्यानंतर साधारणतः १० ते १४ तासांनी बीजांड सुटते व ते थोडेच तास फलनक्षम राहते. म्हणून सकाळी माज दिसल्यास त्याच दिवशी सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे, असा सोपा नियम आहे. माज ओसरल्यावर एकदोन दिवसांनी काही गाईंच्या सोटात रक्त दिसते. त्या वेळी रेतन करून उपयोग नसतो. मात्र तो दिवस लिहून ठेवल्यास पुढील माजाचा अंदाज बांधता येतो.

एक माज हुकला की २१ दिवस वाया जातात. असे तीन माज हुकले तर ६३ दिवस, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळ, गाईला चारा घालावा लागतो आणि पुढचे वेत तितकेच लांबते. अल्पभूधारकाच्या घरी हा तोटा लहान नव्हे. अशी गाय भाकड समजून विकली जाते आणि तिच्याबरोबर वंशही गावाबाहेर जातो.

आरोग्याची काळजी

व्याल्यानंतर गर्भाशय पूर्ववत होण्यास दीड ते दोन महिने लागतात. त्यापूर्वी रेतनाची घाई करू नये. वार १२ तासांत पडली नाही, तर ती ओढून काढू नये, पशुवैद्यकास बोलवावे. सोट गढूळ अथवा पूमिश्रित असल्यास, किंवा तीन वेळा रेतन करूनही गाय उलटत असल्यास तपासणी आवश्यक ठरते. रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्यावी. संतुलित आहार व क्षारमिश्रण यांच्या अभावीही माज लांबतो.

गर्भ शेवटच्या तिमाहीत पडल्यास सांसर्गिक गर्भपात, अर्थात ब्रुसेलोसिस, असण्याची शंका घ्यावी. हा रोग माणसासही होतो. पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी हाताळू नये, खोल पुरावी. दूध उकळूनच प्यावे. ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना आयुष्यात एकदा या रोगाची लस दिली जाते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीकरणाचा समावेश आहे.

गावाचे कार्य

माजावरील गाय मोकाट, निकृष्ट वळूकडून फळली, तर वंशाची शुद्धता एका दिवसात जाते. म्हणून पैदाशीस अयोग्य खोंडांचे वेळीच खच्चीकरण करून घेण्यात ग्रामपंचायतीने पुढाकार घ्यावा. गोठीत रेतमात्रा उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात साठवलेली असते. ती देवणी वळूचीच आहे, याची पशुपालकाने रेतनापूर्वी चौकशी करावी. शाळेतील मुलांनी घरच्या गाईची माजाची, रेतनाची व विण्याची तारीख वहीत टिपल्यास गणित आणि जीवशास्त्र यांचा धडा गोठ्यातच मिळेल. उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयही या परिसरास जवळचे आहे. वंशसंवर्धनाच्या योजना कितीही चांगल्या असोत, त्यांचा लाभ माजाचा दिवस अचूक टिपणाऱ्या पशुपालकासच मिळतो.