ठेका सरकारचा, गुन्हा कोणाचा?

सरकारी कामावरच्या मजुराला मारहाण झाली, त्याची मजुरी बुडाली किंवा त्याचा जीव गेला, तर जाब कोणाला विचारायचा? हा विषय बहुधा कामगार संघटनांच्या पत्रकांत येतो, व्यापाराच्या पानावर येत नाही. तरीही या वेळी आम्ही तो मुद्दाम घेतला आहे. वाणगावसारख्या बाजारात ठेकेदाराने थकवलेला पगार दोन महिन्यांनी दुकानदाराच्या वहीत उधारी होऊन बसतो, हे एक कारण. दुसरे कारण याहून मोठे आहे. आज डहाणू, तलासरी, पालघर या पट्ट्यात सरकारी कामांची रांग लागली आहे. विरार-डहाणू रेल्वेमार्गाचे चौपदरीकरण, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, आणि ज्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली ते वाढवण बंदर. ही कामे वरून खाली उतरत येतात. सरकारी कार्यालय मोठ्या कंपनीला काम देते, कंपनी पोटठेकेदाराला, पोटठेकेदार मुकादमाला. या शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर आमचेच वेल्डर, गवंडी, सुतार, रंगारी आणि गणवेश शिवून देणारे कारखानदार बांधव उभे आहेत. कधी ते स्वतः मजूर असतात, कधी दहा मजुरांचे मालक. सबब कायद्याची दोन्ही टोके त्यांना माहीत असली पाहिजेत.

या प्रश्नाचा धडा आपल्याच तालुक्यात लिहिला गेला आहे. तो वाचायला दूर जाण्याची गरज नाही.

स्वातंत्र्यापूर्वी डहाणू आणि त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातले जंगल सरकारच्या मालकीचे होते. जंगलखाते झाडांचे भाग पाडी, त्यांना कूप म्हणत. कुपाचा लिलाव होई, ठेकेदार तो घेई, झाडे तोडी आणि लाकूड रेल्वेने मुंबईच्या बाजाराकडे रवाना करी. सरकारच्या तिजोरीत लिलावाची रक्कम जमा झाली की सरकारचे काम संपले. कुऱ्हाड कोण चालवतो, त्याला काय मिळते, न आल्यास त्याचे काय होते, याची चौकशी लिलावाच्या कागदात नव्हती.

मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याकडून आदिवासी भागाची पाहणी करविली. त्याचा अहवाल १९३९ साली छापला गेला. हा माणूस क्रांतिकारक नव्हता, इंग्रज सरकारचा नोकर होता. तरी त्याने लिहिले ते वाचून आजही मान खाली जाते. जमीनदार कुळांना वाटेल तेव्हा वेठीला बोलावीत. नाही म्हणणाऱ्याला मार पडे. दिवसभराच्या कामाला फार तर एक आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा हिस्सा मिळे. बहुधा तोही नाही, एका माणसाच्या एका वेळेला जेमतेम पुरेल एवढा तांदूळ. या बेगारीतून बायकाही सुटल्या नव्हत्या. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याने नोंदली, ती ही की जो जमीनदार जंगलाचा ठेकाही घेतो तो आपल्या कुपाचे काम याच वेठीच्या मजुरांकडून करून घेतो. म्हणजे सरकारी ठेक्याचा नफा गुन्ह्यातून निघत होता, आणि हे सरकारच्याच दप्तरात लिहिलेले होते. या जमीनदार-सावकारांत सर्व धर्मांचे लोक होते. आमचे लोक त्यात नव्हते असे म्हणता येत नाही.

अहवाल आला, पण वेठ गेली नाही. ती हलली १९४५ साली. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी गवतकापणीच्या दरासाठी संप झाला आणि ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मारली गेली. पुढच्या वर्षी, १९४६ साली, संप जंगलात शिरला. मागणी रोजी सव्वा रुपयाची होती. एक आण्याचे वीस आणे मागणे म्हणजे ठेकेदारांच्या दृष्टीने बंडच! पण तोडणीचा हंगाम वाया जाऊ लागला तेव्हा लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला दर मान्य करावा लागला. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

यानंतर सरकारने जे केले ते व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहू लागल्या, आणि कुपे लिलावात ठेकेदाराला देण्याऐवजी या सोसायट्यांना मिळू लागली. कोणाही ठेकेदाराला फाशी झाली नाही, तुरुंगही फारसा कोणाच्या वाट्याला आला नसेल. पण ठेका हातातून गेला. आमच्या मते ठेकेदाराला कळणारी भाषा ही आहे. कोर्टाची तारीख तो वकिलावर सोपवून निर्धास्त झोपतो, पण बिल अडकले किंवा पुढच्या निविदेतून नाव गेले की त्याची झोप उडते.

स्वतंत्र भारतात हाच प्रश्न राजधानीत उभा राहिला. १९८२ च्या एशियाड खेळांसाठी दिल्लीत मैदाने आणि रस्ते बांधले जात होते. किमान वेतन रोज सव्वा नऊ रुपये ठरलेले होते. ठेकेदार ते जमादारामार्फत देई, जमादार माणशी एक रुपया आपल्या खिशात घाली आणि मजुराच्या हातावर सव्वा आठ रुपये ठेवी. एक रुपया! पण हजारो मजूर आणि शेकडो दिवस यांचा हिशेब व्यापाऱ्याला करून दाखवायला नको. लोकशाही हक्कांच्या एका संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले. ते पत्रच अर्ज मानून सुप्रीम कोर्टाने १८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरी होय, असे कोर्टाने ठरविले. मजूर ठेकेदाराचे आहेत, आमचा संबंध नाही, हा सरकारी खात्यांचा बचाव कोर्टाने मानला नाही. काम ज्याचे, कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारीही त्याची. कामगार कायदे मोडणाऱ्या मालकांना किरकोळ दंड करून सोडून देणाऱ्या मॅजिस्ट्रेटांचेही कोर्टाने कान उपटले.

मुंबईत महापालिकेने कचरा उचलणाऱ्यांना कामगार म्हणण्याचेच टाळले. ते ठेकेदार संस्थांचे स्वयंसेवक आहेत आणि त्यांना मानधन मिळते, असे कागदावर रंगविले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षे लढला, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सुमारे २७०० कामगारांच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. नाव बदलले म्हणून नाते बदलत नाही.

परदेशातही वेगळे नाही. इराकच्या युद्धात अमेरिकी सैन्याची रसद आणि बांधकामे खासगी कंपन्यांच्या ठेक्यावर होती. तिथे नोकरीला गेलेल्या एका महिलेने २००५ मध्ये सहकाऱ्यांनी अत्याचार केल्याची तक्रार केली, तेव्हा कंपनीने नोकरीचा करार पुढे केला. वाद कोर्टात न नेता लवादापुढे न्यायचा, असे कलम त्यात होते. पुढे खटला कोर्टात चालला आणि २०११ मध्ये ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. पण त्याआधी २००९ मध्येच अमेरिकेच्या काँग्रेसने असा कायदा केला की दहा लाख डॉलरांपेक्षा मोठा संरक्षण ठेका हवा असेल, तर कंपनीने लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीवर लवादाची सक्ती करता कामा नये. इथेही गाठ ठेक्यालाच मारली गेली. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे २८ वे कलम कोर्टाचा दरवाजा पूर्ण बंद करणारा करार रद्दबातल ठरविते. लवादाला त्यात सूट आहे, पण मारहाण, डांबून ठेवणे, विनयभंग अशा फौजदारी गुन्ह्यांना कोणताही करार आड येत नाही. मजुराचा अंगठा घेतलेला कागद कितीही जाड असला तरी!

आता चालू कायदा पाहू. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा यांची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांनी घेतली आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर ती भरण्याची जबाबदारी मूळ काम देणाऱ्यावर येते, आणि तो ती ठेकेदाराच्या बिलातून वळती करून घेऊ शकतो, हे तत्त्व नव्या कायद्यातही कायम आहे. कंत्राटी कामगारांविषयीची विशेष कलमे मात्र पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथेच लागू होतात. त्यामुळे एकाच कामाचे तुकडे करून प्रत्येक पोटठेकेदाराकडे पंचेचाळीस माणसे दाखविण्याचा मोह पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पण वेतन संहितेला अशी संख्येची अट नाही. थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, आणि मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा हुकूम होऊ शकतो. शेवटचे वाक्य आमच्या छोट्या ठेकेदार बांधवांनी दोनदा वाचावे.

मजुरीचा हा अर्धा भाग सोपा आहे. कठीण भाग जिवाचा. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ यांच्या मधल्या रात्री शहापूरजवळ सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढविण्याचे यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. २९ मे २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, वसईजवळ ससूनवघर येथे, सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या कामावर माती खचून यंत्रासह चालक गाडला गेला. अशा वेळी मदतीची रक्कम लगेच जाहीर होते, पण मदत म्हणजे जबाबदारी नव्हे. सुरक्षेचा नियम मोडल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद नव्या संहितेत आहे, आणि दंडाचा निम्मा किंवा अधिक भाग वारसांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकते. शिक्षा सिद्ध व्हायला नियम कोणी मोडला हे दाखवावे लागते, आणि शिडी जितकी लांब तितके बोट दाखवायला जागा जास्त. कंपनी पोटठेकेदाराकडे बोट दाखविते, पोटठेकेदार मुकादमाकडे, आणि मुकादम गावी निघून गेलेला असतो.

गटार आणि सेप्टिक टाकीच्या कामापुरता सुप्रीम कोर्टाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी हा गुंता कापला. मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये, आणि काम ठेक्यावर दिलेले असेल तर ठेका तात्काळ रद्द करून ठेकेदारावर आर्थिक बोजा टाकावा, असा आदेश झाला. पूल, बोगदे आणि इमारतींच्या सरकारी कामांनाही हाच नियम का नसावा, हे आम्हाला समजत नाही.

तक्रार कोठे करावी, यात बरेच लोक चुकतात. रेल्वे आणि अणुऊर्जा केंद्र यांसारखी कामे केंद्र सरकारच्या कक्षेत येतात, तिथे केंद्रीय श्रम आयुक्तांचे कार्यालय गाठावे लागते. सार्वजनिक बांधकाम खाते, जिल्हा परिषद, नगरपरिषद यांच्या कामासाठी राज्याचे कामगार कार्यालय. मारहाण किंवा कोंडून ठेवण्याचा प्रकार असेल तर सरळ पोलीस ठाणे, आणि हद्दीचे कारण सांगून पोलीस परत पाठवू शकत नाहीत. उचल फेडली नाही म्हणून मजुराला जाऊ न देणे ही वेठबिगारी आहे. तिच्यासाठी १९७६ चा कायदा आजही लागू आहे आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मजूर आदिवासी असल्यास ॲट्रॉसिटीचा कायदाही लागतो. महिला कामगारांसाठी २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे, त्यात रोजंदारी आणि ठेक्यावरच्या बायकाही येतात. जिथे दहापेक्षा कमी माणसे आहेत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती ती घेते. आमच्या शिवणकामाच्या कारखान्यांत बहुतेक ठिकाणी ही समिती ऐकूनही माहीत नाही.

आता जे बांधव पोटठेका घेतात त्यांच्याशी दोन शब्द. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपल्याला तोंडपाठ आहे, पण वरून बिलच आले नाही तर द्यायचे कोठून, हा त्यांचा सवाल खोटा नाही. म्हणूनच काम घेताना तोंडी शब्दावर जाऊ नका. मूळ काम कोणत्या खात्याचे, वर्क ऑर्डरचा नंबर काय, आपल्या वरचा ठेकेदार कोण आणि बिल किती दिवसांत, हे कागदावर घ्या. वरच्याने पैसे थकविले तर त्याला नोटीस द्या आणि प्रत मूळ खात्याच्या कार्यकारी अभियंत्याला पाठवा, म्हणजे अनामत रक्कम परत जाण्याआधी तुमची आणि तुमच्या मजुरांची थकबाकी फाइलमध्ये नोंदली जाईल. हजेरीचा मस्टर स्वतः ठेवा, मुकादमाच्या डायरीवर राहू नका. मजुरी बँकेतून द्या. ज्याचे खाते नाही त्याचे उघडून द्या, पण त्याचे एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात जाऊ देऊ नका. एशियाडच्या जमादाराचा तो एक रुपया आज याच वाटेने कापला जातो.