आश्रय, निवास आणि नागरिकत्व

घर सोडून परागंदा झालेल्या माणसास डोक्यावर छप्पर मिळाले म्हणजे त्याची विवंचना संपली, असे आपण सहज समजतो. वस्तुतः छप्पर हा पहिला प्रश्न होय. ‘येथे मी किती दिवस राहू शकतो व कोणत्या हक्काने?’ हा दुसरा प्रश्न, आणि माणसास तोच अधिक काळ छळतो. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हापासून लक्षावधी युक्रेनियन लोक युरोपातील निरनिराळ्या देशांत राहत आले आहेत. त्यांच्यापुढील हा दुसरा प्रश्न नीट उमगावा म्हणून आम्ही प्रथम आपल्याच महाराष्ट्रात घडलेली एक हकीकत सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी, सप्टेंबर 1939 मध्ये, पोलंड देशाचा पूर्वभाग सोव्हिएत रशियाने घेतला. 1940 व 1941 साली तेथील लक्षावधी रहिवाशांना आगगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तान येथे धाडण्यात आले. पुढे 1941 मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला तेव्हा या लोकांची सुटका झाली, आणि 1942 साली त्यांपैकी पुष्कळ जण इराणात पोहोचले. पुरुष सैन्यात दाखल झाले. बायका, मुले व वृद्ध यांना ठाव हवा होता. काही मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे आसरा दिला. सर्वांत मोठी वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या परिसरातील वळीवडे या गावाजवळ, 1943 साली उभी राहिली. तेथे सुमारे 5000 पोलिश लोक राहत होते. कौलारू बराकी, शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, दुकाने, नाट्यगृह अशी सर्व व्यवस्था तेथे होती. आसपासच्या खेड्यांतील माणसे भाजीपाला व दूध विकावयास येत, आणि पोलिश मुले मराठी शब्द शिकत.

आता विद्यार्थ्यांनी येथे लक्ष द्यावे. अन्न होते, छप्पर होते, शाळाही होती. तरी युद्ध संपताच या लोकांचे चित्त अधिकच अस्वस्थ झाले. कारण 1945 च्या याल्टा येथील ठरावाप्रमाणे पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकली, आणि यांच्यापैकी अनेकांची गावे सोव्हिएत राज्यात गेली. ल्वूव या नगराचेच उदाहरण घ्या. युद्धापूर्वी ते पोलंडमध्ये होते. आज ते ल्विव या नावाने युक्रेनमध्ये आहे. माणूस जागचा न हलताही त्याच्या गावाचा देश बदलतो, मग जो दूर गेला त्याने परतावे तरी कोठे?

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, नव्या सीमांच्या आतील पोलंडात परत जाणे. ती थोड्यांनीच स्वीकारली. दुसरी, ज्यांचे पती, पिते वा बंधू ब्रिटिश सेनापतींच्या हाताखालील पोलिश सैन्यात होते, त्यांनी इंग्लंडास जाणे. तेथे 1947 साली पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा झाला होता. तिसरी, ज्यांना असा आप्त नव्हता त्यांनी पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत जाऊन पुढील देशाची वाट पाहणे. 1948 च्या सुमारास वळीवड्याची वसाहत रिकामी झाली. एखाददुसरी मुलगी येथेच विवाह करून राहिली. बाकीचे जगभर पांगले.

पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. त्याच जागी पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबे वसविण्यात आली, आणि त्या वस्तीस गांधीनगर असे नाव पडले. तीही माणसे घरदार गमावून आलेलीच होती. परंतु भारताच्या राज्यघटनेने अशा लोकांसाठी नियम केला: 19 जुलै 1948 पूर्वी आलेले व तेव्हापासून येथे राहणारे नागरिक गणले जातील, आणि त्यानंतर आलेल्यांनी नोंदणी करून घ्यावी. जागा तीच, दुःखही त्याच जातीचे. पण एकांस आश्रय मिळाला, दुसऱ्यांस नागरिकत्व. म्हणून पहिले पाहुणे निघून गेले आणि दुसरे घरचे झाले.

यावरून तीन शब्दांचा भेद ध्यानात येईल. आश्रय म्हणजे संकटात सापडलेल्यास आत घेणे; तो देणाऱ्याच्या मर्जीवर वा ठरीव मुदतीवर असतो. निवासाचा परवाना म्हणजे नोकरी, शिक्षण वा कुटुंब अशा एखाद्या कारणाने राहण्याची लेखी परवानगी. कारण सरले की ती संपण्याचा संभव असतो. नागरिकत्व म्हणजे त्या देशाचे आपण व तो देश आपला, हे नाते. ते सहजासहजी तुटत नाही.

या भेदाच्या आधारे युक्रेनियन लोकांची स्थिती पाहू. कोसोव्हो येथील यादवीच्या अनुभवानंतर युरोपीय संघाने 2001 साली ‘तात्पुरत्या संरक्षणा’चा कायदा केला होता. तो दोन दशके कागदावरच राहिला आणि 4 मार्च 2022 रोजी प्रथम अमलात आला. त्यामुळे प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी न करता, युद्धामुळे आलेल्यांस राहण्याचा दाखला, काम करण्याची मुभा, मुलांस शाळा व आजाऱ्यांस औषधोपचार मिळू लागले. डेन्मार्क या कायद्यास बांधलेला नसल्याने त्याने स्वतःचा वेगळा कायदा करून तशीच सोय केली. 2025 साली या संरक्षणाखाली 40 लाखांहून अधिक लोक होते. त्यांत सर्वांत अधिक जर्मनीत, त्याखालोखाल पोलंडमध्ये. म्हणजे ज्या पोलंडची लेकरे एकेकाळी वळीवड्यास राहिली, तो देश आता दुसऱ्यांस आसरा देणारा झाला.

परंतु ‘तात्पुरते’ हा शब्द विसरून चालत नाही. मुदत वेळोवेळी वाढवीत नेऊन 2025 साली ती 4 मार्च 2027 पर्यंत ठरविण्यात आली. प्रारंभी कोणत्या देशात जावे हे माणसास निवडता येत होते. तथापि हे संरक्षण एका वेळी एकाच देशात घेता येते. पोलंडात नोंदलेले कुटुंब जर्मनीत स्थायिक होऊ पाहील तर दोन्हीकडचे लाभ त्यास मिळत नाहीत. पाहुणा म्हणून काही दिवस जाणे निराळे आणि बिऱ्हाड हलविणे निराळे.

म्हणून पुष्कळ जण पक्क्या वाटेचा शोध घेऊ लागले. नोकरी असलेल्यास कामाचा परवाना, विद्यार्थ्यास शिक्षणाचा, तेथील रहिवाशाच्या पतिपत्नीस व मुलांस कुटुंबाचा, अशा वाटा आहेत. ज्यास मायदेशी जिवाचे वा छळाचे भय आहे, त्यास स्वतंत्र चौकशी होणारा आश्रयाचा अर्ज करता येतो. सामान्य परदेशी माणसास पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर दीर्घ निवासाचा जो हक्क मागता येतो, तो केवळ तात्पुरत्या संरक्षणावर राहणाऱ्यास लागू नाही. ही गोष्ट ज्यास ठाऊक नसेल तो पाच वर्षे निश्चिंत बसून फसेल. चेक देशाने 2025 मध्ये स्वकष्टाच्या कमाईवर उभे असलेल्या युक्रेनियन लोकांसाठी पाच वर्षांच्या विशेष निवासाची तरतूद केली. त्याच वर्षी सप्टेंबरात संघाच्या मंत्रिपरिषदेने सर्व देशांना शिफारस केली की, या लोकांना अशा अन्य परवान्यांकडे वळण्यास, तसेच परिस्थिती अनुकूल होताच स्वदेशी परतण्यास मार्ग करून द्यावा. परंतु म्हातारी आजी, लहान मुलांची एकटी आई, अपंग शिपाई यांनी कमाईची अट कशी पुरी करावी? कायद्याची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते.

उमरीच्या वाचकांस हा विषय अगदीच परका नाही. आपला प्रदेश निजामाच्या राज्यात होता तेव्हा ‘मुलकी’ व ‘गैरमुलकी’ हा भेद घरोघरी माहीत होता. 1919 च्या नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्यास मुलकी ठरून सरकारी नोकरीस पात्र होण्याकरिता 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे, आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडला असे प्रतिज्ञेवर सांगावे लागे. 1947-48 च्या धामधुमीत मराठवाड्यातील माणसे सीमेपलीकडे गेली. आपल्या बाजूस पैनगंगेच्या पलीकडील उमरखेड येथे छावणी होती. सप्टेंबर 1948 नंतर त्यांस आपली गावे पुन्हा मिळाली, हे त्यांचे भाग्य.

आज उमरीचा मजूर निजामाबादेस वा पुण्यास कामाला जातो, तेव्हा कोणासही विचारीत नाही. भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास दिला आहे. हवेप्रमाणे हा हक्कही असताना जाणवत नाही. तरीही जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा ही कागदपत्रे पालकांनी जपून ठेवावीत. वेळ आली की माणसाच्या तोंडच्या शब्दापेक्षा हे चार कागदच अधिक बोलतात, असा निर्वासितांचा सर्वत्र अनुभव आहे.

विद्यार्थ्यांनी याहून एक गोष्ट अधिक करावी. आपल्या वर्गात दुसऱ्या गावाहून वा दुसऱ्या प्रांतातून एखादे मूल आले असेल, तर ‘तू कोठला?’ हे विचारून थांबू नये. त्यास आपल्या शेजारी बसावयास जागा द्यावी. परवाने सरकार देईल. आपलेपणा मात्र शेजाऱ्यानेच द्यावयाचा असतो.