उल्लेखांच्या आकड्यांपलीकडे

पस्तीस वर्षं गणित शिकवलं, बढती समित्यांवर तज्ज्ञ म्हणून बसलो. प्रिन्स्टनहून निघणाऱ्या 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'चे जुने खंड चाळताना जे उमगलं, ते नोंदवतो.

१. दोन वर्षांचा हिशेब गणिताला लागू पडत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर धरतो मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचे यंदाचे उल्लेख. आमच्याकडे लेख तपासून छापून येण्यातच तेवढा काळ जातो. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या नरसिंहन आणि शेषाद्रींचा व्हेक्टर बंडलवरचा लेख 'ॲनल्स'मध्ये आला १९६५ साली. सायमन डोनाल्डसननी त्याच प्रमेयाची अगदी वेगळ्या वाटेने सिद्धता दिली ती १९८३ मध्ये, अठरा वर्षांनी. आमच्या ग्रंथालयातल्या त्या खंडाची बाकीची पानं करकरीत होती. या लेखाचे कोपरे तेवढे हाताळून काळपट झालेले. ही नोंद कुठल्या डेटाबेसात सापडायची?

एका समितीने एका मुलीच्या उत्तम लेखावर 'तीन वर्षांत उल्लेख दोनच' असा शेरा मारून तिची बढती अडवली. तो लेख माझ्याखेरीज कुणी उघडलाही नव्हता. अजून जिव्हारी लागतं.

२. उल्लेख विषयाच्या वस्तीवर ठरतात. जॉन नॅशचा १९५१चा दहा पानांचा लेख अर्थशास्त्रज्ञांनी उचलला, म्हणून त्याचे उल्लेख वाइल्सच्या फर्मावरच्या १९९५च्या शंभरावर पानांच्या लेखापेक्षा कितीतरी जास्त. यावरून थोरवी कुणाची ठरवणार? शिवाय प्रमेयाला माणसाचं नाव पडलं, की पुष्कळजण मूळ लेख संदर्भात देतही नाहीत.

३. उशीर म्हणजे हलगर्जी नव्हे. केपलरच्या अटकळीवरची हेल्स यांची सिद्धता १९९८ मध्ये पुढे आली, लेख छापला गेला २००५ मध्ये. परीक्षकांचा अख्खा गट वर्षानुवर्षं ती तपासत होता. यितांग झांग यांचा मूळ संख्यांमधल्या अंतरावरचा लेख मात्र २०१३ मध्ये काही आठवड्यांतच स्वीकारला गेला.

४. नावांच्या क्रमावरून मान ठरवू नये. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल, नितीन सक्सेना यांचा २००४चा लेख अवघा तेरा पानांचा. नावं इंग्रजी वर्णक्रमाने. आमच्या अर्जात 'प्रथम लेखकास जादा गुण' असा रकाना असे. मी दरवेळी त्याच्यापुढे पेनाने लिहायचो: गणितात हा क्रम फक्त आडनावांचा असतो, तिघांनाही सारखे गुण द्यावेत.