पाखरांचा घास

साकीनाक्यास खैरानी रोडच्या एका वस्तीत गेल्या माघात आमचे कीर्तन होते. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. एक वृद्ध माउली मात्र खांबाला टेकून बसून राहिल्या. म्हणाल्या, "महाराज, मालक गेल्यापासून रोज किलोभर दाणे कबुतरांना घालते. आता खालच्या खोलीतली सून खोकून खोकून अर्धी झालीय. डॉक्टर विचारतो, घराजवळ कबुतरं आहेत का. मी दाणे बंद केले तर पाप लागेल का हो?"

आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. कारण काही वर्षांपूर्वी याच वस्तीत आम्हीच कीर्तनात सांगून गेलो होतो की रोज मूठभर दाणे पाखरांना घालावेत. कोणत्या पाखराला, कोणता दाणा, कुठे, हे काहीच सांगितले नव्हते. मुठीचा किलो झाला तो पुढे. पण मूळ चूक आमची. ती निस्तरावी म्हणून जाणत्यांना विचारून जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे हे सर्वांस ठाऊक आहे. पण आपण एक विसरतो. वैश्वदेवाचा भाग जेवणाआधी काढतात, तो असतो घासभर, आणि त्या आहुतीस क्षार व लवण वर्ज्य मानले आहे. आपण करतो नेमके उलट. पंगत उठल्यावर उरलेला चिवडा, शेव, मऊ पडलेले वेफर, कालचा पाव पत्र्यावर भिरकावतो आणि पाखरांनी खाल्ले म्हणून हात जोडतो. एकादशीस उरलेली साबुदाण्याची खिचडीसुद्धा! पाखरांना कसली एकादशी?

चिमणीचा देह तो केवढा; दोन-अडीच तोळ्यांचा. आपल्या जिभेला जे मीठ बेताचे, ते त्या जिवाला फार होते. पावाने पोट भरते, पोषण होत नाही. दूध पाखरांना पचत नाही, ती काही दूध पिणारी जात नव्हे. बुरशी आलेले शेंगदाणे तर विषच. आपण जे तोंडात घालणार नाही ते त्यांच्यापुढे टाकू नये. चॉकलेट कोणत्याही पाखराला देऊ नये. मात्र कच्चा तांदूळ पोटात फुगून पाखरू मरते असे जे म्हणतात, त्यात तथ्य नाही. तांदळाची कणी खुशाल घालावी.

चिमणीला बाजरी, राळा, कणी, भरडलेली ज्वारी चांगली. पोपट, बुलबुल, साळुंकीला पिकलेल्या पेरूची, पपईची, केळ्याची फोड. सफरचंद दिले तर बिया काढून. शेंगदाणे द्यायचे तर बिनमिठाचे. सगळे थोडे, तासाभरात संपेल इतकेच. उरलेले उचलावे आणि थाळी रोज घासून उन्हात वाळवावी, कारण घाणेरड्या थाळीतून एका पाखराचा रोग दुसऱ्याला लागतो. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना किडे-अळ्याच भरवते. म्हणून घरट्याच्या दिवसांत कुंडीतल्या झाडांवर औषध फवारू नये. घरट्यातून पडलेल्या पिलाच्या चोचीत पाणी ओतण्याची तर घाई करूच नये. पाणी श्वासनळीत जाऊन ते जागीच मरते.

घारापुरीच्या लाँचमधून जाताना पाहिले. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पांढरे कुरव मागे लागतात आणि लोक त्यांना फरसाण उडवतात. मासे खाणारा पक्षी तो. तळलेले बेसन त्याने काय म्हणून खावे? फोटो चांगला निघतो, एवढेच.

आता कबुतरांचे. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यास महापालिकेस सांगितले. ऑगस्टात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयातही होते. दोन्ही बाजूंचे सज्जन आमच्या परिचयाचे आहेत. पण आमचे मत विचाराल तर, दाट वस्तीत कबुतरांना दाणे घालू नयेत. कबुतर हा मूळचा कडेकपारीचा पक्षी. आपल्या इमारतींचे सज्जे त्याला कपारीसारखेच वाटतात. आयता दाणा मिळाला की तो बारमाही अंडी घालतो. त्याची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की काहींच्या फुफ्फुसांना सूज येते, पुढे ती घट्ट होत जातात. सगळ्यांना होते असे नाही. पण ज्याला होते त्याला दोन जिने चढवत नाहीत. आणि साकीनाक्यावर तर विमाने किती खालून जातात! उघड्यावर खरकटे टाकून घारी-कावळ्यांचे थवे जमवणे विमानांनाही धोक्याचे.

मग करावे काय? नाथांची गोष्ट आठवावी. वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी कावडीतली गंगा पाजली. त्याला हवे होते पाणी, ते दिले. चैत्र-वैशाखात मुंबईतल्या पाखरांनाही दाण्यापेक्षा पाण्याची तहान अधिक. मातीच्या पसरट परळात दोन बोटे पाणी ठेवावे, मध्ये एक खडा टाकावा. पाणी रोज बदलावे, नाहीतर आठवड्याभरात डेंग्यूचे डास निपजतील. जागा असेल तेथे उंबर लावावा, पाखरांना त्याहून मोठे अन्नछत्र नाही.

त्या माउलींना आम्ही सांगितले, "दाणे बंद करा. पाप आमच्या शब्दाचं, तुमच्या हाताचं नव्हे. परळ ठेवा. आणि खाली जाऊन त्या पोरीला तुम्हीच सांगा." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पितृपक्षात कावळ्याचं पान तरी वाढू ना?"

"वाढा की. साधा भात, घासभर, बिनमिठाचा. तासाभराने पान उचलायचं."

"मालकांना शेव फार आवडायची, ती?"

"ती नातवाला द्या," आम्ही म्हणालो.