मोजक्या पैशांतला प्रवास

प्रस्तावना

शिक्षणासाठी घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला सुट्टीत नवा प्रदेश पाहावासा वाटतो. परंतु हाती पैसा मोजका असतो. अशा वेळी प्रवासाचा बेत कसा आखावा, काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा विचार या पाठात केला आहे.

पाठ

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर संध्याकाळची गंगा आरती सुरू झाली की पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध यज्ञ केले, अशी आख्यायिका आहे. त्यावरून घाटाला हे नाव पडले. अठराव्या शतकात पेशवे बाळाजी बाजीराव यांनी या घाटाची बांधणी करविली. जवळचाच एक घाट अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. मराठी माणसाला काशी कधीच परकी नव्हती. पूर्वी येथे यात्रेकरू आणि वेदाध्ययन करणारे विद्यार्थी येत. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून काशी हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणी झाली आणि आधुनिक विद्या शिकणाऱ्यांसाठीही काशीची वाट खुली झाली.

समजा, या विश्वविद्यालयात शिकणाऱ्या दोन मराठी मैत्रिणी आरती संपल्यावर घाटाच्या पायरीवर बसल्या आहेत. एक नांदेडची, दुसरी रत्नागिरीची. डिसेंबरच्या सुट्टीत आसाममधील माजुली बेट पाहावे, असे दोघींच्या मनात आहे. माजुली हे ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील विस्तीर्ण बेट. २०१६ साली त्याला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. श्रीमंत शंकरदेवांच्या वैष्णव परंपरेतील ‘सत्र’ नावाचे मठ तेथे आहेत. सत्रांमध्ये जोपासलेल्या सत्रीय नृत्याला २००० साली शास्त्रीय नृत्य म्हणून मान्यता मिळाली. सामगुरी सत्रात बांबू, कापड आणि माती यांपासून नाटकांचे मुखवटे तयार होतात. मात्र नदीच्या धुपेमुळे गेल्या शतकभरात बेटाचा मोठा भाग पाण्यात गेला आहे.

काशीहून या दिशेने जाण्याचा एक मार्ग श्रीमंतांचा आहे. १३ जानेवारी २०२३ रोजी ‘गंगा विलास’ नावाचे आलिशान जहाज वाराणसीहून निघाले आणि गंगा, बांगलादेशातील नद्या व ब्रह्मपुत्रा असा सुमारे ३,२०० किलोमीटरचा जलप्रवास करून दिब्रुगडला पोहोचले. त्याचे भाडे लाखांच्या घरात होते. विद्यार्थ्याचा मार्ग वेगळा. पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे पूर्वीचे मुघलसराय, वाराणसीपासून जवळच आहे. तेथून रेल्वेने सुमारे एका दिवसात गुवाहाटी, पुढे रेल्वेने किंवा बसने जोरहाट, जोरहाटपासून काही किलोमीटरवर निमाती घाट आणि तेथून फेरीबोटीने बेटावरील कमलाबारी. आराम कमी; पण नदी तीच आणि बेटही तेच.

नांदेडची मुलगी वहीत हिशेब मांडू लागते. शिकवण्या करून तिने ६,००० रुपये साठविले आहेत. मैत्रिणीजवळ ८,००० आहेत आणि नऊ दिवसांच्या बेताला प्रत्येकी तेवढेच लागतील, असा दोघींचा अंदाज आहे.

“दोन हजार कमी पडतात. पण आईने परीक्षा शुल्कासाठी पाठविलेले पैसे खात्यात आहेत. शुल्क जानेवारीत भरायचे आहे. तोवर वापरते,” ती म्हणते.

“आणि जानेवारीत?”

“शिकवणीचे पैसे येतील.”

“येतील, अगं, पण अजून आले नाहीत. शिलाई मशीन चालवून तुझ्या आईने ते पाठविले आहेत. प्रवास पुढे ढकलता येतो, परीक्षा नाही.”

काही क्षण दोघीही गप्प राहतात. मग वहीतील आकडे खोडून त्या बेताची नव्याने मांडणी करतात. बेटावरचे दोन दिवस कमी करायचे, निवासाची खोली वाटून घ्यायची, जेवण साधे ठेवायचे आणि जो खर्च होईल तो ६,००० रुपयांतच बसवायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. जिच्याजवळ कमी पैसे आहेत तिच्या ऐपतीप्रमाणे सोबतचा प्रवास ठरला, तरच सोबत टिकते.

नव्या हिशेबात चार भाग पडतात. जाण्यायेण्याच्या भाड्यासाठी २,२००, निवास व जेवणासाठी १,९००, स्थानिक प्रवासासाठी ७०० आणि राखीव १,२०० रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. भाडी बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ती तपासावीत. भागांचा क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. जाण्याचे तिकीट काढतानाच परतीचेही काढावे. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरच्या प्रवासाची तयारी ऑक्टोबरमध्येच करावी लागते. शयनयान डब्याचे तिकीट वेळेवर मिळाले की मोठी बचत होते. विद्यार्थ्यांसाठी रेल्वेची सवलत आहे. पण ती स्वगावी जाण्यासाठी व शैक्षणिक सहलीसाठी असते. मौजेच्या प्रवासासाठी ती वापरणे योग्य नव्हे.

पैशांनंतर ऋतूचा विचार येतो. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला पूर येतो, म्हणून थंडीचे दिवस बेटाला अनुकूल. परंतु त्याच दिवसांत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. गाडी उशिरा पोहोचली तर दिवसाची शेवटची बोट हुकते. रत्नागिरीच्या मुलीला हे सांगावे लागत नाही. खाडीवरची तर चुकली की काय होते, हे तिने लहानपणी पाहिले आहे. म्हणून दोघी जोरहाटला एक रात्र राखून ठेवतात. राखीव पैशांइतकाच राखीव वेळही महत्त्वाचा असतो.

काही ठिकाणी काटकसर करूच नये. ८ सप्टेंबर २०२१ रोजी निमाती घाटाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन प्रवाशांनी भरलेली बोट उलटली होती. तासभर वाचावा म्हणून गच्च भरलेल्या बोटीत चढू नये. जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. आजारपणासाठी ठेवलेले पैसे खरेदीत खर्चू नयेत. तसेच नावाडी, स्वयंपाक करणारी बाई किंवा मुखवटे घडविणारा कारागीर यांच्या कष्टाचा मोबदला कापून स्वतःची बचत साधू नये.

या संदर्भात काशीतीलच एक आठवण बोधप्रद आहे. १९१६ साली विनायक नरहर भावे नावाचा तरुण बडोद्याहून परीक्षेसाठी मुंबईला निघाला आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेला. बंगाल आणि हिमालय या दोन्हींची त्याला ओढ होती आणि काशी दोन्हींच्या वाटेवर होती. तो अन्नछत्रात एक वेळ जेवत असे. तेथे मिळणाऱ्या दोन पैशांच्या दक्षिणेत रात्रीचे रताळे व दही भागत असे. एकदा त्याने कुलूप विकत घेतले. दुकानदाराने दहा आणे सांगितले. किंमत दोन आण्यांचीच आहे, हे त्याने स्पष्ट सांगितले, परंतु मागितले तेवढे दिले. पुढे काही दिवसांनी त्याच दुकानदाराने त्याला बोलावून आठ आणे परत केले. हा तरुण म्हणजे पुढे आचार्य विनोबा भावे म्हणून प्रसिद्धीस आलेले थोर पुरुष. त्यांनी स्वतःच्या गरजा कमी केल्या. दुसऱ्याच्या हक्काला हात लावला नाही. काटकसर आणि कृपणता यांतील भेद हाच आहे.

घाटावरची गर्दी ओसरते. नावा खुंटांना बांधल्या जातात. नांदेडची मुलगी वही मिटण्यापूर्वी पहिल्या पानावर दोन ओळी लिहिते. पहिली ओळ, ‘परीक्षा शुल्क – भरणे’. दुसरी, ‘परतीचे तिकीट – काढणे’. माजुलीचे नाव तिसऱ्या ओळीवर येते.

शब्दार्थ

आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी कथा
धूप – पाण्याने जमीन झिजून वाहून जाणे
तर – नदी वा खाडी ओलांडण्याची नाव
कृपणता – कंजूषपणा

स्वाध्याय

१. परीक्षा शुल्काचे पैसे प्रवासासाठी वापरण्यास मैत्रिणीने कोणत्या कारणाने विरोध केला?
२. थंडीचे दिवस सोयीचे असूनही जोरहाटला एक रात्र राखून का ठेवावी लागली?
३. काटकसर आणि कृपणता यांतील फरक पाठाच्या आधारे तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
४. तुमच्या गावाहून चार दिवसांच्या प्रवासाचा बेत आखा. खर्चाचे चार भाग पाडून प्रत्येकासाठी रक्कम ठरवा.