क्रम हवा असेल तर

लातूर

चि. सोनूस,


तुझा कोड नीट वाचला. पिनकोड ऑब्जेक्टमध्ये ठेवताना तू आधी ४३१६०१ नांदेड आणि मग ४१३५१२ लातूर लिहिलंस, पण कन्सोलवर लातूर आधी आलं. यात ब्राउझरचा दोष नाही. ऑब्जेक्टच्या की पूर्णांकासारख्या असल्या की जावास्क्रिप्ट त्या चढत्या क्रमाने देते, तू कशाही लिहिलेल्या असोत. अवतरणात टाकल्यास तरी तेच. की म्हणून गावाचं नाव असतं, तर लिहिलेला क्रम टिकला असता.

तू विचारलंस, लूप कोणता वापरू? मला वाटतं, त्याआधी डेटाकडे बघ. परभणीहून लातूरकडे येताना गंगाखेड, परळी, लातूर रोड ही स्टेशनं त्याच ओळीने यायला हवीत, म्हणून ती ॲरेत. मोंढ्यातला भाव मात्र आपण नावावरून शोधतो: सोयाबीन काय, तूर काय, हरभरा काय. तो ऑब्जेक्टमध्ये शोभतो.

ॲरेवर फॉर-ऑफ लाव, थेट स्टेशनचं नाव हाती येतं. फॉर-इन तिथे नकोच. तो इंडेक्स देतो, आणि तोही स्ट्रिंग म्हणून. 'पुढचं स्टेशन' काढायला त्यात १ मिळवलास की पहिल्याच फेरीला १ ऐवजी '०१' मिळतं आणि पुढचं स्टेशन सापडतच नाही. एरर येत नाही, म्हणून ही चूक फार छळते. शिवाय एखाद्या जुन्या लायब्ररीने ॲरेच्या प्रोटोटाइपवर काही जोडलेलं असलं, तर तेही फॉर-इनमध्ये स्टेशन बनून येतं.

साध्या ऑब्जेक्टवर फॉर-ऑफ लावलास तर 'इटरेबल नाही' अशी एरर मिळेल. तिथे ऑब्जेक्ट डॉट एन्ट्रीज वापर. २०१७च्या आवृत्तीपासून ते भाषेतच आहे. की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा ॲरे मिळतो, त्यावर फॉर-ऑफ खुशाल फिरव. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांमध्ये फॉर-इन आणि त्याच्या आत हॅज-ओन-प्रॉपर्टीची तपासणी दिसेल. ती समजून घे, नव्या कोडमध्ये उतरवू नकोस.

पिनकोडांसाठी मॅप घे. त्यात टाकल्या क्रमानेच नोंदी येतात. फक्त मॅपला ४३१६०१ हा आकडा आणि '४३१६०१' ही स्ट्रिंग वेगळ्या की वाटतात. फॉर्ममधून आलेला पिनकोड स्ट्रिंग असतो, तेव्हा सगळीकडे स्ट्रिंगच ठेव. बदल करून झाला की कोड पाठव, रविवारी बघतो.

तुझा काका