छापलेली कवटी खरी किती?



थ्री-डी प्रिंटर आता आपल्याला नवीन राहिलेला नाही. गिअर, मोबाईलचा स्टँड, छोटा गणपती, सगळं छापून झालं! पण याच प्रकारच्या मशीनवर छापलेलं मॉडेल हातात घेऊन मेंदूचे सर्जन ऑपरेशनची तयारी करतात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आणि त्या मॉडेलवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? हा प्रश्न डॉक्टरांचा तर आहेच, पण तितकाच तो आपला, म्हणजे इंजिनीअरचाही आहे.

मुंबईचं उदाहरण

परळचं के.ई.एम. हे मुंबई महापालिकेचं हॉस्पिटल. तिथे न्यूरोसर्जन म्हणून काम केलेले डॉ. अतुल गोयल यांचं नाव कवटी आणि मान जिथे जुळतात त्या भागाच्या शस्त्रक्रियेसाठी जगभर घेतलं जातं. मानेचा पहिला आणि दुसरा मणका प्लेट आणि स्क्रूने जोडण्याची पद्धत त्यांनी व डॉ. लाहेरी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. पुढे २०१६ मध्ये डॉ. गोयल, रेडिऑलॉजिस्ट डॉ. भाविन जंखारिया आणि सहकाऱ्यांनी याच भागाच्या शस्त्रक्रियेसाठी थ्री-डी मॉडेल किती उपयोगी पडतात, यावर 'जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी : स्पाइन' मध्ये लेख लिहिला.

इथेच मॉडेल का लागावं? कारण या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून दोन रक्तवाहिन्या वर चढतात, कवटीत शिरतात आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवतात. स्क्रू साधारण साडेतीन मिलिमीटर जाड, आणि रक्तवाहिनी त्याच्या शेजारीच! काही जणांमध्ये जन्मतःच हाडांची ठेवण वेगळी असते, तेव्हा रक्तवाहिनीही वाट बदलते. पुस्तकातलं चित्र तिथे कामाला येत नाही. त्या रुग्णाचंच हाड फिरवून पाहता आलं, तर स्क्रू कुठून आणि कोणत्या कोनात घालायचा हे आधी ठरवता येतं.

स्कॅनपासून प्लॅस्टिकपर्यंत

सीटी स्कॅनचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे डॉक्टर नव्हते, इंजिनीअर होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. सीटी मशीन डोक्याचे आडवे काप घेतं आणि प्रत्येक कापाचे लहान ठोकळे पाडून प्रत्येकाला एक आकडा देतं. या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, मेंदूचा मऊ भाग साधारण ३० ते ४०, तर घट्ट हाड हजाराच्याही वर जातं. या एककाला हाउन्सफिल्ड यांचंच नाव आहे.

कामाचे टप्पे असे आहेत :

१) स्कॅनची मूळ डिजिटल माहिती घेणे.
२) त्यातून हवा तेवढाच भाग वेगळा काढणे. याला सेगमेंटेशन म्हणतात.
३) त्या भागाचा पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांत मांडून एसटीएल फाईल बनवणे.
४) थर पाडून छापणे.

चौथा टप्पा आपल्याला येतो, म्हणून सगळं काम तेवढंच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात मॉडेल खरं की खोटं, हे दुसऱ्या टप्प्यातच ठरून गेलेलं असतं. कसं ते पाहू.

एक छोटं गणित

समजा, काप १ मिमी जाडीचा आहे आणि त्यात ०.३ मिमी जाडीचं पातळ हाड आलं आहे. हाडाचा आकडा ८०० आणि बाकीच्या मऊ भागाचा ४० धरू. ठोकळ्याला आकडा एकच मिळतो, तो म्हणजे सरासरी :

०.३ × ८०० + ०.७ × ४० = २६८

आता आपण कॉम्प्युटरला सांगितलं, "३०० च्या वर असेल ते हाड." हे पातळ हाड गायब! मॉडेलमध्ये तिथे भोक दिसेल. बरं, मर्यादा २०० वर आणली तर? आता अख्खा ठोकळा हाड ठरला. ०.३ मिमीचं हाड १ मिमी, म्हणजे तिपटीहून जाड झालं. रुग्ण तोच, स्कॅन तोच, प्रिंटरही तोच. आपण फक्त एक आकडा बदलला.

रक्तवाहिनीचं प्रकरण याहून अवघड आहे. ती दिसावी म्हणून रुग्णाला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देतात. त्यामुळे तिचा आकडा ३०० ते ४०० च्या घरात जातो. विरळ हाडाचा आकडाही तेवढाच असू शकतो! मग जिथे रक्तवाहिनी हाडाला चिकटून जाते, तिथे दोघं कॉम्प्युटरला एकच वाटतात. तिथे शरीररचना जाणणाऱ्या माणसाने एकेक काप पाहून हद्द आखावी लागते. मॉडेलची गरज सर्वांत जास्त जिथे, तिथेच ते चुकण्याचा धोकाही जास्त. हा या विषयाचा गाभा आहे.

तपासायचं कसं?

मॉडेलसोबत २० मिमीचा एक घन छापा आणि व्हर्नियरने मोजा. १९.८ भरला तर चूक एक टक्का. ऐकायला किरकोळ वाटते, पण त्याच प्रमाणात १५० मिमी लांबीच्या कवटीत दीड मिलिमीटर गेला! मात्र लक्षात ठेवा, घन फक्त प्रिंटरची परीक्षा घेतो. सेगमेंटेशन तपासायचं तर तयार झालेल्या पृष्ठभागाची रेघ मूळ स्कॅनच्या कापांवर परत आखून पाहावी लागते, आणि ती रेडिऑलॉजिस्टने मान्य करावी लागते.

दुसरी गोष्ट, डावं-उजवं. मूळ डिजिटल माहितीत दिशा आणि मापं नोंदलेली असतात. तिची साधी चित्रं करून काम केलं तर ही नोंद हरवते आणि मॉडेल आरशातल्यासारखं उलटं होऊ शकतं. म्हणून मॉडेलवर 'उजवी बाजू' असं छापलेलंच बरं.

तिसरी गोष्ट मटेरियलची. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्ह चालतो १२१ अंशांवर. म्हणजे पीएलएचं मॉडेल टेबलावर ठेवून अभ्यासायला ठीक, पण निर्जंतुक करून सर्जनच्या हातात देण्यासाठी नाही.

आणि एक मर्यादा तपासणीनेही जात नाही. कवटी उघडल्यावर भोवतालचा द्रव वाहून जातो आणि मेंदू जागचा थोडा हलतो. प्लॅस्टिक हलत नाही. म्हणून असं कडक मॉडेल हाडासाठी जेवढं भरवशाचं, तेवढं मऊ मेंदूसाठी नाही.

आपला वाटा

फाउंड्रीत पॅटर्न चुकला तर कास्टिंग भंगारात टाकून नवीन ओतता येतं. इथे तशी सोय नाही. कोपरगावहून स्कॅनसाठी शिर्डी, लोणी किंवा नाशिकला जाणारे रुग्ण आपल्याच घरातले असतात. त्यांच्या हातात बहुतेक वेळा फिल्मचं मोठं पाकीट असतं. फिल्मवरून मॉडेल होत नाही, त्याला मूळ डिजिटल माहितीची सीडीच लागते आणि कापही पातळ लागतात. काप ५ मिमीचे असतील तर ३ मिमीची रक्तवाहिनी त्यात हरवून जाईल, मग प्रिंटर कितीही महागडा असो!

मित्रहो, या विषयावर प्रोजेक्ट करायचा असेल तर 'आम्ही कवटी छापली' एवढ्यावर थांबू नका. कोणता आकडा मर्यादा म्हणून धरला, का धरला, मॉडेलमध्ये चूक किती आली आणि ती कोणी तपासली, या चार ओळी रिपोर्टमध्ये लिहा. सर्जनला आपल्याकडून सुंदर मॉडेलपेक्षा या चार ओळींची गरज जास्त आहे.